हाताचा वास

पूर्णा आणि गोदावरी या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात माणसांना कमी आणि किड्यांना जास्त मान देणारा माणूस आमच्या सरांशिवाय दुसरा नसेल, आणि असलाच तर त्या दोघांची गाठ पडू नये, कारण मग दोघांच्याही घरच्यांना उपाशी झोपावं लागेल. सर म्हणजे माझे मालक. परभणीच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं. त्यातही जीव सगळा कीटकांवर. वाघ, हत्ती, देवमासा ही मंडळी अभ्यासक्रमात होती म्हणून ते नाइलाजानं शिकवायचे. निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, नातवंडं खेळवतात. सरांनी पिंगळीजवळच्या आपल्या रानात तुती लावली, राहत्या घराला लागून पत्र्याची लांबलचक शेड उभी केली आणि रेशमाच्या अळ्या पाळायला घेतल्या. "जन्मभर पोरांपुढं बोललो, कुणी ऐकलं नाही," असं ते म्हणतात, "आता ह्यांच्यापुढं बोलतो. निदान मधेच उठून तरी जात नाहीत." अळीला कान नसतात हे मला पुढं त्यांनीच शिकवलं, पण शिकवताना त्यांना हे वाक्य आठवलं असावं असं काही वाटत नाही.

मी त्यांच्याकडं कसा आलो ते सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत. मी कुडाळकडचा. आठवी अर्धवट टाकून लाद्या बसवायच्या कामाला लागलो आणि एका ठेकेदाराच्या मागं फिरत फिरत पार पूर्णा जंक्शनपर्यंत आलो. काम संपलं त्या दिवशी ठेकेदार चहा प्यायला म्हणून गेला तो गेलाच. मी परभणीकडं जाणाऱ्या गाडीत चढलो, पण मला गाडीत बसल्यावर सारखं वाटतं की आपलं स्टेशन मागं गेलं. तसंच त्या दिवशी वाटलं आणि घाबरून एक स्टेशन आधीच, पिंगळीला उतरलो. गाडी निघून गेली. फलाटावर मी आणि एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ, एवढेच. ते दिव्याच्या खांबाखाली उकिडवे बसून आदल्या रात्री पडलेले भुंगेरे काडेपेटीत भरत होते. मी पाण्याचा नळ कुठं आहे म्हणून विचारलं. त्यांनी वर बघितलं आणि उत्तर द्यायच्या ऐवजी मलाच विचारलं, "तंबाखू खातोस?"

"नाही."

"गुटखा? बिडी? डोक्याला वासाचं तेल?"

"नाही."

"हात दाखव."

मला वाटलं भविष्य बघतायत. मी उजवा हात पुढं केला. सरांनी दोन्ही हात धरले, डोळे मिटले आणि तळव्यांवर नाक टेकवून लांब श्वास घेतला. मी इतका भेदरलो की हात मागं घ्यायचंही सुचलं नाही. "नुसता घाम आहे," ते म्हणाले. "घाम चालतो. चल."

तंबाखूवाल्या हाताचा पाला खाल्ला की रेशमाची अळी तडफडून मरते, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं! आणि या भागात बिनतंबाखूचा हात सापडणं म्हणजे काय, ते इथं राहिल्यावर कळलं. सर म्हणे दोन पावसाळे तसा हात शोधत होते. शाळेत मी कुठल्या परीक्षेत कधी वर आलो नाही. जन्मात ही एकच परीक्षा पास झालो, तीही न धुतलेल्या हातांनी. त्या दिवसापासून मला छप्पर आहे, दोन वेळचं जेवण आहे, आणि रोज सकाळी शेडच्या दारात सर माझे हात हातात घेऊन, डोळे मिटून, लांब श्वास घेतात आणि म्हणतात, "चल, आत." हे इतकं रोजचं झालं की देवळात घंटा वाजवल्याशिवाय जसं आत जाववत नाही तसं मला सरांनी हुंगल्याशिवाय आत जाववेना.

आत गेलं की शाळा सुरू. मी पाला पसरत असतो आणि सर मागून शिकवत असतात. "कीटक म्हणजे काय? शरीराचे तीन भाग. डोकं, छाती, पोट. डोकं कळण्यासाठी, छाती चालण्यासाठी, पोट बाकी सगळ्यासाठी. आपल्याकडं बऱ्याच लोकांना तिसराच भाग असतो." मग पाय. कीटकाला पाय सहा. सहा म्हणजे सहा. शेडमध्ये कोळी दिसला की सर त्याचे पाय मोजतात आणि "आठ! तू आमच्यातला नाहीस, बाहेर!" असं म्हणून त्याला कागदावर घेऊन कुंपणापर्यंत पोचवून येतात. झुरळाला मात्र सहा भरतात म्हणून त्याच्याशी ते अदबीनं वागतात. मी एकदा मोठ्या धीरानं म्हणालो, "सर, पण आपल्या अळीला तर कितीतरी पाय दिसतात." सरांना एवढा आनंद झाला की त्यांनी मला तिथल्या तिथं आपल्या हातानं चहा करून पाजला. तो चहा फार वाईट होता. "पुढचे सहा खरे," त्यांनी सांगितलं, "मागचे दहा नुसते फांदी धरून ठेवण्यापुरते. मोठी झाली, पंख फुटले की ते जातात. माणूसही लहानपणी असंच काय काय धरून ठेवतो. फक्त त्याचं पुढं गळत नाही." आणखी एक धडा मला पक्का लक्षात राहिला. अळीला नाक नसतं. श्वास ती अंगाच्या कडेच्या भोकांतून घेते. पतंग झाल्यावर वास घेते ती डोक्यावरच्या दोन शृंगिकांनी. मी 'मिशा' म्हणालो तर सर दुखावले. "मिशा झुरळाच्या, असं अडाणी लोक म्हणतात. शृंगिका म्हणायचं. नर पतंग मादीचा वास ह्यांनी ओळखतो. नाक नाही त्याला, आणि वासावाचून त्याचं काहीच नाही!"

माणसांचं वर्गीकरणही सर पंखांवरूनच करतात. कीटकांचे गण पंखांवरून पडतात, ढालीसारखे पंख असले की भुंगेरे, दोनच पंख असले की माश्या आणि डास, पंखांवर खवले असले की पतंग आणि फुलपाखरं. पुण्यात राहणारा मुलगा त्यांच्या लेखी टोळ, कारण तो थव्यानं येतो, दिवाळीचं सगळं संपवतो आणि उडून जातो. काकू, म्हणजे सरांची पत्नी, मधमाशी आणि गांधीलमाशी यांच्या गणातल्या. "कष्ट आणि डंख एकाच ठिकाणी सापडणारा हा एकमेव गण," असं सर त्यांच्यासमोर म्हणतात आणि काकू हातातलं काम न थांबवता म्हणतात, "आणि नर बसून खातो, तेही सांगा त्याला." मी एकदा भीतभीत विचारलं, "सर, मी कोणत्या गणात?" त्यांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं. "तुझी अजून अळी अवस्था आहे. वर्गीकरण मोठं झाल्यावर." मी तेव्हा चोविशी ओलांडली होती. पण बरं वाटलं. अजून काहीतरी व्हायचं बाकी आहे असं मला तोवर कुणी म्हणालं नव्हतं.

आता सरांच्या घरात राहायचं म्हणजे वासावर राहायचं. उदबत्ती बंद. धूप बंद. डासांची कॉईल बंद, कारण जी डासाला मारते ती अळीलाही मारते. त्यामुळं सगळं घर संध्याकाळपासून स्वतःला थोबाडीत मारत बसलेलं असतं, आणि सर समजूत घालतात, "मादीच चावते रे. तिला अंड्यांसाठी रक्त लागतं. आपल्याला जरा खाज सुटली तर काय बिघडलं?" सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनी धुपाशिवाय पूजा करायची नाही म्हणून हट्ट धरला तर सरांनी त्यांना धूप ओढ्यापलीकडं लावायला सांगितला. गुरुजी पूजा इथं करायचे आणि धूप दाखवायला पळत ओढ्यापलीकडं जायचे. अळ्या शेवटच्या टप्प्यात आल्या की फोडणीही बंद, कारण स्वयंपाकघराची खिडकी शेडकडं उघडते. मग काकू डाळ इथं शिजवतात, पळी-कढई घेऊन शेजारी जातात, तिथं फोडणी करतात आणि झाकण घट्ट धरून चोरासारख्या परत येतात. परभणीकडच्या माणसाला मिरचीच्या खकाण्याशिवाय जेवण लागत नाही. काकू म्हणतात, "माहेरी म्हशी होत्या, सासरी किडे. म्हशी बऱ्या. त्यांना ठेचा चालायचा."

एवढं पथ्य पाळणारा माणूस शत्रूशी कसा वागतो म्हणाल, तर तेही ऐका. उझी नावाची एक माशी असते. ती अळीच्या अंगावर अंडं घालते आणि तिचं पिल्लू अळीला आतून खातं. तिच्यासाठी खिडक्यांना जाळ्या, दाराला दोन पडदे, सगळं आहे. तरी एकदा एक आत शिरली. सरांनी ती अलगद मुठीत पकडली आणि भर उन्हात तुतीचं रान ओलांडून, पार पांदीपर्यंत जाऊन सोडून आले. वर तिला सांगितलं, "पुन्हा आलीस तर याद राख." सर परत पोचले तेव्हा माशी त्यांच्या आधी आलेली होती. काकूंनी चप्पल काढली. सर त्या दिवशी जेवले नाहीत. "आई होती ती," एवढंच म्हणाले. तयार कोष विकायलाही ते कधी जात नाहीत, कारण पुढं ते आतल्या जिवासकट उकळत्या पाण्यात जातात हे त्यांना माहीत आहे. ते काम काकू आणि मी करतो. उलट दर खेपेला ओंजळभर कोष ते लपवून ठेवतात, मग त्यातून पतंग बाहेर येतात आणि घरभर पंख फडफडवत बसतात. त्यांना उडता येत नाही, आणि तोंड असून खाता येत नाही. एका मादीनं काकूंच्या लग्नातल्या शालूवर अंडी घातली तेव्हा काकूंनी घर डोक्यावर घेतलं. सर म्हणाले, "अगं, एवढं घर सोडून शालूवरच कशी गेली बघ! रेशमाला रेशीम कळतं."

हे सगळं गोड वाटत असलं तरी काम मात्र माणसाला पिळून काढणारं आहे. अळी आयुष्यात चार वेळा कात टाकते आणि चौथ्या कातीनंतर जी भूक तिला लागते ती भूक नव्हे, आग असते. पाला तोडा, वाहा, पसरा, खालची घाण काढा, तोवर वरच्याचा फडशा पडून फांद्या उघड्या पडलेल्या. सगळी शेड एका आवाजात चरत असते, कुरमुऱ्यांच्या टोपलीवर कुणी पाण्याचा हात झाडल्यासारखा तो बारीक आवाज. कंबर मोडते, डोळे मिटतात, आणि मिटले तरी आवाज चालूच असतो. गावाकडून आईचा फोन येतो, "मेल्या, किडे राखतंस? तुका थंय माणसां नाय गावली?" तिला काय सांगायचं? ही बॅच झाली की येतो, असं सांगतो. एक बॅच झाली की दुसरीची अंडी आलेली असतात.

आणि काकूंची अट होतीच. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी ती घातली. एक दिवस सकाळी चहा देता देता सरांना म्हणाल्या, "आता एक जरी बॅच गेली ना, तर शेडला कुलूप. पुण्याला मुलाकडं जाऊन राहू. मला आता होत नाही." सर "बरं" म्हणाले. मी दाराआड उभा होतो. शेडला कुलूप म्हणजे मला कुलूप, एवढं गणित आठवी अर्धवट टाकलेल्यालाही येतं. तेव्हापासून मी शेडमध्ये अळ्यांपेक्षा जास्त दचकत राहू लागलो. एखादी अळी जरा सुस्त दिसली की मी ती चरायला लागेपर्यंत तिच्यापाशीच बसून राहायचो.

त्याच हिवाळ्यात एकदा कंबर इतकी धरली की मी रात्री बाम चोळला. सकाळी हात घासून घासून धुतले, पण बामच तो, जातो कुठं! दारात सरांनी हात धरले. मी डोळे गच्च मिटून घेतले. आता पिंगळीच्या फलाटावर परत, असंच मनात आलं. सरांनी लांब श्वास घेतला. "चल, आत." मला वाटलं, माझी कंबर बघून दया आली. पण मी आत गेलो नाही. परत हौदावर जाऊन माती लावून हात सोलून निघेस्तोवर घासले आणि मग गेलो. सरांची दया अळ्यांना परवडली नसती.

संक्रांतीच्या सुमाराची बॅच. अळ्या शेवटच्या टप्प्यात, माझी कंबर पुन्हा वाकलेली, म्हणून दुपारचा पाला तोडायला सर स्वतः गेले. शेजारच्या रानात त्या सकाळी हरभऱ्यावर घाटेअळीसाठी फवारणी झाली होती, आणि वारा आमच्याकडं होता, पण हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. सर ओल्या गोणपाटात बांधलेला भारा खांद्यावर घेऊन आले. नेहमीप्रमाणं त्यातला मूठभर पाला काढून त्यांनी डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "वा! ताजा." मी पलीकडच्या टोकाला होतो. तिथपर्यंत मला वास आला, सडक्या लसणासारखा, डोळ्यांत शिरणारा. सरांचा हात पहिल्या रॅकवर गेलेला.

"सर, थांबा!"

काम देणाऱ्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा थांबा म्हणालो.

"काय झालं?"

"वास यायलाय."

"कसला?"

"औषधाचा."

सरांनी पुन्हा वास घेतला. मग दुसरी मूठ घेतली. मग सगळं तोंडच भाऱ्यात खुपसलं. वर आले तेव्हा चष्म्याला एक पान चिकटलं होतं आणि ते त्यांनी काढलं नाही. "मला सर्दी आहे," ते म्हणाले. सर्दी आहे असं ते दिवाळीपासून म्हणत होते. पण रुमाल मी त्यांच्या हातात एकदाही पाहिला नव्हता. मग मला बाम आठवला, आणि एकदम सगळं कळलं.

मी त्यांनीच शिकवलेलं बोललो. "सर, प्रयोग केल्याशिवाय काही मानायचं नाही, तुम्ही म्हणता. चार अळ्यांना घालून बघू?" विषारी पाला खाल्लेली अळी डोकं वर करून झुलते आणि हिरवं पाणी ओकते, हे मला त्यांनी दाखवलेलं होतं. सरांनी रॅककडं बघितलं. पाल्याची वेळ झाली होती, अळ्या डोकी उचलून वाट बघत होत्या.

"नको," सर म्हणाले. "त्यांना कशाला? तू म्हणतोस ना, मग आहे."

खरं सांगतो, मला आनंद नाही झाला. माझ्या नाकाचा भरवसा मलाच नव्हता, आणि त्या नाकावर सरांनी सगळी शेड उपाशी ठेवली. शेजारच्या रानापासून लांबचा, वरच्या अंगाचा चांगला पाला आम्ही सकाळीच संपवलेला. दिवस मावळेपर्यंत दुसरा पाला आला नाही तर बॅच गेली. बॅच गेली की कुलूप. आणि माझं नाक चुकलं असेल तर हे सगळं माझ्यामुळं.

दुसरा पाला होता तो गावाच्या त्या अंगाला, बापूरावांकडं. बापूराव म्हणजे गावातले दुसरे रेशीमवाले, आणि सरांशी अबोला धरलेला माणूस. एकदा सरांनी त्यांना गुटख्यापायी शेडच्या दारातून परत पाठवलं होतं. तेही त्यांनी गिळलं. पण तुळशीच्या लग्नानंतर ते मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले तर सरांनी "अत्तर! अत्तर!" म्हणून त्यांना कुंपणाबाहेरच उभं केलं, पत्रिका चिमट्यानं घेतली आणि उन्हात दोरीवर वाळत घातली. लग्नाला तर गेलेच नाहीत. आता त्यांच्याच दारात आम्ही दोघं, मी टेम्पोवाल्याला घेऊन, सर टोपी हातात घेऊन.

बापूराव बाजेवरून उठलेच नाहीत. "या सर, या! आज इकडं कसं काय? मी तर आंघोळ बी केली न्हाई."

"बापूराव, पाला पाहिजे होता."

"आमचा चालन का? आमी गुटखा खाणारी मानसं. तुमच्या अळ्या लय शिकलेल्या."

"शेजारी फवारणी झालेली दिसते. आज नाही मिळाला तर जाईल सगळं."

यावर मात्र बापूराव उठले. रेशीमवाल्याला हे वाक्य दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. त्यांनी आत हाक मारली आणि मग बायकोनं विळा घेतला, कारण त्यांच्याकडंही बापूरावांना शेडच्या आसपास फिरकायची मनाई आहे. भारे बांधून झाल्यावर त्यांनी एक सरांच्या पुढं धरला. "घ्या, वास घ्या. गुटख्याचा यायलाय का बघा. उगं मागून नाव नको."

सर नुसते "नाही येत" म्हणाले असते तरी चाललं असतं, आणि ते खरंही होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग बापूरावांकडं बघून म्हणाले, "मला वासच येत नाही, बापूराव. दिवाळीपासून. ह्याला विचारा."

बापूरावांचा चेहरा उतरला. मग त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं. "पण सर, दिवाळीपासून म्हणता, तर पत्रिकेच्या दिवशी माझं अत्तर कसं काय कळलं तुमाला?"

सर जमिनीकडं बघत म्हणाले, "पत्रिका द्यायला येणारा माणूस अत्तर लावतोच. अंदाजानं बोललो."

"आता काय म्हनावं ह्या मानसाला!" बापूराव कपाळावर हात मारून घेत म्हणाले. "लावलंच नव्हतं ओ मी! तुमच्या भेवानं नुसत्या पान्यानं आंघोळ करून आलतो!" आणि ते इतके हसले की त्यांची बायको विळा घेऊन बघायला आली. सरही हसले, जरा उशिरानं. मी भाऱ्याचा वास घेतला. तुतीचाच होता. बापूरावांनी वरचे दोन भारे न मागता टाकले.

परत आलो तर काकू शेडच्या दारात उभ्या. टेम्पो थांबायच्या आत त्यांनी विचारलं, "सांगितलंत का बापूरावांना? वास गेला ते?"

"तुला कसं माहीत?"

"दिवाळीला करंज्यांचं तेल जळलं होतं. पोरांनी तोंडाला लावल्या नाहीत. तुम्ही चार खाल्ल्या आणि आणखी आण म्हणालात. म्हटलं, कधी सांगतायत बघू."

मी भारा उचलायचं निमित्त करून तिथंच घोटाळलो. सर हळूच म्हणाले, "मग आता? पुण्याला जायचं?"

"बॅच गेली तर, असं म्हणाले होते मी. नाक गेलं तर, असं कुठं म्हणाले होते? आणि ह्या पोराचं आहे की शाबूत. काय रे कोकण्या, बघत काय उभा राहिलास? त्या उपाशी आहेत आत."

त्या संध्याकाळी तिघांनी मिळून पाला पसरला. काकूही आत आल्या, ज्या एरवी शेडला सवत म्हणतात. तो कुरमुऱ्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला तेव्हा मी रॅकला टेकून उभ्याउभ्याच झोपलो म्हणे.

दुसऱ्या सकाळी सर मला घेऊन खालच्या अंगाच्या तुतीत गेले. झुडपांखाली लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे बारके ढालकिडे उताणे पडले होते, सगळ्यांचे पाय पोटाशी घेतलेले. सर मातीत बसले आणि काडीनं एकेकाला सुलटं करू लागले. "ढालीच्या पंखांचा गण," ते म्हणाले. "आपल्याच बाजूचे होते हे. मावा खायचे." मग पुटपुटत त्यांनी त्यांचं लांबलचक शास्त्रीय नाव घेतलं, कुणाच्या तेराव्याला नाव घ्यावं तसं. माझं नाक बरोबर होतं हे त्यांनी काही बोलून दाखवलं नाही. उठताना माझ्या खांद्यावर भार दिला आणि म्हणाले, "तुझ्या मिशा चांगल्या आहेत रे." शृंगिका नाही म्हणाले. मी दुरुस्त केलं नाही.

बॅच आली. अळ्यांची अंगं पिकून आरपार दिसू लागली, त्यांनी डोकी हलवत हलवत स्वतःभोवती धागा घातला आणि शेडमधला चरण्याचा आवाज एके दुपारी थांबला. आवाज थांबला की फोडणीची मनाई उठते. काकूंनी कढई खिडकीतच ठेवली, मुद्दाम, लसूण आणि लाल मिरची टाकून. मी ठसकलो, काकू ठसकल्या. सर पाटावर डोळे मिटून शांत बसले होते. मग त्यांनी विचारलं, "कशी आहे रे?" मी सांगायला लागलो. मोहरी तडतडली. लसूण अजून कच्चा आहे. आता लाल व्हायला लागला. आता जिरं. सर मान हलवत होते.

आई अजून फोनवर विचारते, "कधी येतलंस रे घराक?" ही बॅच झाली की, असं मी सांगतो, आणि सांगताना माझं मलाच कळत नाही की हे मी तिला टाळायला सांगतोय की स्वतःला. थकवा तर आहेच. तो आता अंगात मुरला आहे, बामानंही जात नाही, आणि बाम तर मी लावतच नाही. माझा गण अजून ठरलेला नाही. मी विचारलंही नाही. पण नवी अंडी आली की सकाळी शेडच्या दारात आम्ही दोघं नेहमीसारखे उभे राहतो. फक्त आता सर माझे हात मागत नाहीत. आपले दोन्ही हात पुढं करतात, तळवे वर. मी ते धरतो, डोळे मिटतो आणि लांब श्वास घेतो. अळ्यांखाली भुरभुरायचा चुना असतो, तुतीचा चीक असतो, आणि कधी कधी काकूंनी चोरून लावायला दिलेल्या खोबरेल तेलाचा अगदी पुसट वास असतो. तसा असला की मी त्यांना हाताला धरून हौदावर नेतो, माती लावून देतो, पाणी घालतो. मग पुन्हा दारात येऊन उभे राहतो. सर वाट बघत असतात. मी म्हणतो, "चला सर, आत."